पाय मुरगळला, आता काय? खेळणाऱ्या लेकीबाळींच्या दुखापतींचा पाठ



या अंकातला पाठ जरा वेगळा आहे. हप्त्यांचा नाही, दशसूत्रीचा नाही, शेळीच्या लसीकरणाचाही नाही. आपल्या घरातली जी पोरं-पोरी कबड्डी-खोखो खेळतात, शाळेच्या स्पर्धेला जातात, पहाटे उठून भरतीसाठी धावतात, त्यांच्या दुखापतींचा हा पाठ आहे. बैठकीत जमा-खर्च झाला की एकीनं मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी मधे मधे अडवायचं. एका बैठकीत पुरा नाही झाला तरी चालेल.

घुग्घुस, नकोडा, उसगाव, शेणगाव, म्हातारदेवी, कुठंही जा. पहाटे पाचला कुणीतरी धावताना दिसतंच. कारण सरळ आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. वनरक्षकाला मुलींना ३ आणि मुलांना ५ किलोमीटर धावावं लागतं. खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे आपल्याकडे खेळ हा नुसता खेळ नाही, त्याच्या टोकाला नोकरी बांधलेली आहे. म्हणूनच पाय दुखला तरी पोरगी सांगत नाही. एक तर भरती हुकेल ही भीती आणि दुसरी त्याहून मोठी, आई-बाबा खेळच बंद करतील.

ही दुसरी भीती आपण घातलेली आहे. मुलगा लंगडत आला की आपण म्हणतो, "होते बरा दोन दिवसांत." मुलगी लंगडत आली की म्हणतो, "सांगतलं होतं ना नको जाऊ म्हणून! उद्या हातपाय मोडला तर लग्नाचं काय?" मग पुढच्या वेळी ती ओढणीनं घोटा आवळते, शाळेत मुकाट जाते आणि त्याच पायावर पुन्हा खेळते. साधी लचक महिनोन्महिन्यांचं दुखणं होते ती अशी. म्हणून औषध-पट्टीच्या आधी घरात एक बोली ठरवा: दुखलं की त्याच दिवशी सांगायचं, आणि सांगितलं म्हणून खेळ बंद होणार नाही. बरं होईस्तोवर थांबेल, बंद होणार नाही.

पहिले तीन दिवस: चोळायचं नाही

पाय मुरगळला, गुडघा लचकला, मुका मार बसला की आपला हात पहिल्यांदा तेलाच्या वाटीकडे जातो. मोहरीचं तेल गरम करून मस्त चोळायचं, नाहीतर विटेचा शेक द्यायचा. जुन्या दुखण्यावर शेकानं बरं वाटतं हे खरं आहे. पण ताज्या मारात आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि सांध्याला धरून ठेवणारे दोर फाटलेले असतात. या दोरांना डॉक्टर लिगामेंट म्हणतात, आपण अस्थिबंध म्हणू. तिथं शेक दिला, चोळलं, की आतला रक्तस्राव वाढतो आणि सूजही वाढते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालिश नाही, धावणं नाही. घरात कुणी "थोडी दारू चोळ" असं सांगत असेल तर तेही नाही.

करायचं काय? खेळ तिथंच थांबवायचा. "एवढी चढाई करून येते" हे चालू द्यायचं नाही. बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवायचा, दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नका, चामडी जळते. घरी फ्रीज नसेल तर किराणा दुकानातल्या थंड पाण्याच्या पाऊचनंही काम भागतं. नाहीतर माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं बदलत राहायचं. मेडिकलमध्ये क्रेप पट्टी मिळते, ती बोटांकडून वर गुंडाळत न्यायची. घट्ट हवी, पण आवळलेली नको. बोटं थंड पडली, निळसर दिसली, मुंग्या आल्या की लगेच सोडायची. झोपताना पाय दोन उशांवर ठेवायचा, छातीपेक्षा वर, म्हणजे सूज उतरते.

हळद-चुन्याच्या लेपाबद्दल नेहमी विचारलं जातं. कातडी फुटलेली नसेल आणि लेप थंड असेल तर फार बिघडत नाही, पण त्यानं हाड जुळत नाही. आणि लेप वाळेपर्यंत दवाखान्याचं थांबवून ठेवायचं नाही.

दवाखान्यात कधी न्यायचं

डॉक्टर घोट्यासाठी एक सोपी परीक्षा वापरतात, ती आपल्यालाही येते. मार लागल्यावर त्या पायावर चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील. चारही टाकता आली नाहीत तर एक्स-रे हवा. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटानं दाबून बघा. सुजेवर नाही, हाडावर. तिथं जोरात दुखलं तरी एक्स-रे.

हात-पाय वाकडा दिसला, हाड बाहेर आलं, बोटं बधिर झाली, खांदा निखळला, तर ओढून बसवायचा प्रयत्न कुणीच करायचा नाही. जसा आहे तसा फळीनं, पुठ्ठ्यानं, ओढणीनं आधार देऊन १०८ ला फोन करायचा. गुडघ्यात "खट" असा आवाज आला आणि काही तासांतच गुडघा टरबुजासारखा फुगला, तर चालता येत असलं तरी दाखवायचं.

वाढत्या वयाच्या मुलांचं एक वेगळं असतं. त्यांच्या हाडांच्या टोकांना वाढीची मऊ पट्टी असते. हाड लांब होतं ते तिथून. या वयात ही पट्टी अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसाचा जिथं दोर ताणला जातो, तिथं मुलाची ही पट्टी तुटू शकते. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या मनगटाची, घोट्याची "मोच" आठवड्यातही कमी होत नसेल तर दाखवलंच पाहिजे. नाहीतर ते हाड वाढताना वाकडं किंवा आखूड राहू शकतं.

आता हाड बसवणाऱ्यांचा विषय. आपल्याकडे गावोगावी असे जाणकार आहेत, लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि पैसेही थोडे लागतात. त्यांचा अपमान करायचं कारण नाही. पण एक गोष्ट जीव-हाताची आहे. ताज्या मोडलेल्या हाडावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि आत सूज वाढली, तर रक्त अडतं. हात काळा पडतो. वेळ गेली तर तो कापावा लागतो. म्हणून आधी एक्स-रे, मग बाकी काय ते. घुग्घुसच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली तपासणी होते. हाडाच्या डॉक्टरांसाठी चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, अंतर पंचवीसेक किलोमीटर. ऑपरेशन सांगितलं तर घाबरून सही करू नका आणि घाबरून पळूही नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डोक्याला मार लागला असेल तर नियम वेगळा. कबड्डीत पकडीच्या वेळी डोक्यावर डोकं आपटतं. पोरगी क्षणभर गोंधळली, गुण किती झाले ते आठवेना, डोळ्यापुढं अंधारी आली, तर त्या दिवशी तिचा खेळ संपला. संघ हरत असला तरी संपला. उलटी झाली, खूप झोप येऊ लागली, डोकेदुखी वाढत गेली, तर रात्र काढू नका, तेव्हाच न्या.

बरं वाटलं म्हणजे बरं झालं नाही

सर्वांत जास्त घोटाळा इथं होतो. दहा दिवसांत सूज उतरते, पोरगी चालायला लागते आणि अकराव्या दिवशी मैदानात. पण अस्थिबंध जुळायला वेळ लागतो. हलक्या लचकीला एक-दोन आठवडे, मधल्याला तीन ते सहा, पूर्ण फाटला तर तीन महिने किंवा जास्त. आणि नुसतं पडून राहिलं तर पायाची ताकद जाते, तोल जातो, मग तोच पाय पुन्हा मुरगळतो. ज्याचा घोटा एकदा मुरगळला त्याचाच वारंवार मुरगळतो, ते यामुळं. नशिबाचा त्यात काही संबंध नाही.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, दुखणं सोसेल तितपत, घोटा हलवायला लावा. पायाच्या अंगठ्यानं हवेत अ, आ, इ, ई गिरवायचं, पूर्ण बाराखडी दिवसातून तीनदा. पायावर भार पेलायला लागला की भिंत धरून टाचा उचलायच्या, आधी दोन्ही, मग एकीच. त्यानंतर दुखऱ्या पायावर एकट्यानं उभं राहायचं. दात घासताना, तांदूळ निवडताना, कुठंही जमतं. डोळे मिटून अर्धा मिनिट उभं राहता आलं की तोल परत आला समजा. मग भरभर चालणं, मग सरळ धावणं, मग नागमोडी, मग चढाई. पुढच्या पायरीवर दुखलं, सुजलं, तर एक पायरी मागं.

मैदानात सोडण्याआधीची परीक्षा घरच्या अंगणात होते. दुखऱ्या पायावर दहा लंगडी उड्या मारायला लावा. चांगल्या पायाइतक्याच लांब, न दुखता, न डगमगता मारता आल्या तर जाऊ द्या. लंगडी तर आपण सगळ्याच खेळलो आहोत, तेव्हा ही परीक्षा घ्यायला डॉक्टर लागत नाही.

गुडघ्याचं मात्र डॉक्टरांवरच सोडा. गुडघ्याच्या आत एक मुख्य दोर असतो, त्याला एसीएल म्हणतात. तो तुटला आणि ऑपरेशन झालं तर साधारण नऊ महिन्यांच्या आत खेळात परतणं धोक्याचं असतं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे तुम्हाला माहीत असेल. शेतकरी-मजुराच्या घरातला, मग सैन्यात गेलेला, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्णपदक आणणारा. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला आणि त्याचा हाच दोर तुटला, आतली गादीही फाटली. ऑपरेशन झालं. सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा त्याला सोडावी लागली. ज्याच्यामागं डॉक्टर, प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट उभे आहेत तो थांबतो, मग आपल्या दहावीतल्या पोरीला तालुक्याच्या सामन्यासाठी सुईवर सुई देऊन उभं करायची घाई आपण का करावी? दुखणं मारणारी सुई घेऊन खेळवणं म्हणजे घरात धूर असताना नाक दाबून बसणं.

आधीच जपायचं ते असं

हा गुडघ्याचा दोर मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो. वयात येताना शरीराची ठेवण बदलते, उडी मारून खाली येताना गुडघे आतल्या बाजूला वळतात आणि झटका सरळ त्या दोरावर बसतो. हे व्यायामानं सुधारतं. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या १,८९२ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही संघांना सरावाआधी वीस मिनिटांचे ठरावीक व्यायाम दिले, काहींना नाही. व्यायाम करणाऱ्यांत एकूण दुखापती सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाल्या आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्या व्यायामांना कुठलं यंत्र लागत नाही. आधी सावकाश धावणं: सरळ, आडवं, उलटं. मग अर्ध्या उठाबशा, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. एका पायावर उभं राहून जोडीदारीणीला हलकेच ढकलणं. कोपरांवर आणि पंज्यांवर शरीर फळीसारखं ताठ धरणं. उडी मारून मांजरासारखं, आवाज न करता, गुडघे वाकवून उतरणं. शेवटी जोरात धावून एकदम दिशा बदलणं. शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना, मंडळाच्या प्रशिक्षकांना हे करून घ्यायला सांगा. "आमच्या वेळी असं काही नव्हतं" असं उत्तर आलं तरी पुन्हा सांगा.

मैदानही बघा. कबड्डीची जागा आदल्या दिवशी झाडून घ्यायची, खडे, काच, बाभळीचे काटे वेचायचे, खड्डे भरायचे, पाणी मारायचं. अंगण सारवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायला नको.

भरतीवाल्यांचं दुखणं वेगळंच असतं. जाहिरात निघाली की काल घरी बसलेली पोरगी आज चार किलोमीटर धावते, तेही डांबरी रस्त्यावर, भावाच्या जुन्या बुटांत. तिसऱ्या आठवड्यात नडगीचं हाड दुखायला लागतं. आधी धावताना, मग चालताना, मग रात्री झोपेतही. नडगीवर एकाच जागी बोट ठेवून "इथंच दुखते" म्हणत असेल तर हाडाला बारीक तडा जात असू शकतो. तो पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. अशी पोर धावायची थांबलीच पाहिजे, काही आठवडे. सायकल चालवू द्या, वरच्या अंगाचे व्यायाम, गोळाफेकीचं तंत्र शिकू द्या.

हे टाळायचं तर जाहिरातीची वाट न बघता हळूहळू वाढवा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती. शाळकरी मुलांसाठी डॉक्टरांचा एक ढोबळ हिशोब आहे: वय जितक्या वर्षांचं, आठवड्यात एका खेळाचा सराव त्याहून जास्त तासांचा नको. २०१८ च्या मे महिन्यात मनीषा धुर्वेसह आपल्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या शिखरावर पोचली. त्यांना कुणी शाळेतून उचलून थेट बर्फात नेलं नव्हतं, आधी महिनोन्महिने पायरी-पायरीनं सराव झाला होता. आणि धावायचं ते मैदानात किंवा शेतरस्त्यावर. कोळशाचे ट्रक चालतात त्या रस्त्यावर अंधारात धावणं ही तयारी नाही.

ऊन तर आपलं ठाऊकच आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा जीव गेला होता. धावणारं पोर बरळायला लागलं, कोसळलं, अंग तापलं, तर आधी सावलीत, अंगावर भरपूर गार पाणी, वारा, आणि १०८. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

ताटातलं आणि रक्तातलं

आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त किशोरवयीन मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आलं आहे. अशी मुलगी लवकर दमते, आणि दमलेला पाय चुकीचा पडतो. शिवाय पहाटे उपाशी धावून, आल्यावर भांडी घासून, शाळेत जाऊन दुपारी जेवणाऱ्या पोरीचं हाड कशावर जुळणार? धावण्याआधी गूळ-शेंगदाणे किंवा केळ, आल्यावर पोटभर नाश्ता. डाळ, अंडं, दूध, जवसाची चटणी, पालेभाजी. भावाच्या ताटात अंडं आणि बहिणीच्या ताटात रस्सा असं असेल तर आधी ते बदला. सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडंही ठिसूळ होतात. आशाताईंना सांगा.

आता चंद्रपूर-गडचिरोलीसाठी सर्वांत महत्त्वाचं: सिकलसेल. आपल्या भागात हा आजार आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. खेळणाऱ्या प्रत्येक मुलाची ती झालेली असावी. जो नुसता वाहक आहे तो खेळू शकतो, धावू शकतो, त्याला घरी बसवू नका. पण त्यानं जोर हळूहळू वाढवायचा, पाणी पीत राहायचं, आणि पाय-मांड्या एकदम भरून आल्या, बळ गेलं, तर तिथंच थांबायचं. "अजून एक फेरी" असं कुणी ओरडलं तरी थांबायचं. उन्हात, तहानलेल्या अंगानं जिवापाड धावलं तर वाहकालाही जिवाचा धोका होऊ शकतो. ज्याला आजार आहे त्यानं किती खेळायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं. त्याचे हातपाय, कंबर, खुबा दुखत असेल तर ती खेळातली लचक समजून पट्टी बांधू नका. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

गटानं काय करायचं

पुढच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला आणि ठराव वहीत लिहा. एक, गावाच्या मैदानाजवळ राहणाऱ्या एका ताईकडे पिशवी ठेवायची: दोन क्रेप पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, स्वच्छ फडकी, दोन लाकडी पट्ट्या, कात्री, जवळच्या गाडीवाल्याचा नंबर. बर्फ कुणाच्या फ्रीजमध्ये जमवायचा तेही ठरवा. दोन, दुखापत झाली की एक्स-रेला आणि गाडीला रोख लागते, नेमकी तेव्हाच नसते. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून किंवा अंतर्गत कर्जातून त्याच दिवशी पैसे कसे द्यायचे, सही कुणाची, हे आधीच ठरलेलं असावं. तीन, शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या अपघातासाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तुमच्या मुलाच्या दुखापतीला ती लागू होते का आणि कोणते कागद लागतात, हे मुख्याध्यापकांना भेटून विचारायला दोघींची नावं लिहा. दवाखान्याची चिठ्ठी, एक्स-रे, बिलं एका पिशवीत जपून ठेवायला सगळ्यांना सांगा.

आणि ज्या घरी आत्ता एखादी पोर पाय धरून बसली आहे, तिथं बैठकीनंतर दोघींनी जाऊन यायचं. आईशी बोलायचं, आजीशीही बोलायचं. तेलाची वाटी तीन दिवस फळीवर ठेवायला सांगायची, आणि पोरीला विचारायचं, बाराखडी कुठपर्यंत आली?